वाचकांचे प्रश्न : शून्य सेकंदात शंभर कोटी फेऱ्या?

प्रश्न : सीमध्ये १ ते १०० कोटी आकड्यांची बेरीज करणारा लूप लिहिला. जीसीसी या कंपायलरच्या (प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाच्या) 'ओ-झीरो'वर, म्हणजे कोडमध्ये सुधारणा न करता, वेळ लागतो; 'ओ-टू'वर, म्हणजे वेगासाठी सुधारणा करून, चक्क शून्य सेकंद! प्रॅक्टिकलच्या वहीत शून्य लिहू का?
— एक विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : लिहा, पण शेजारी 'लूप चाललाच नाही' असंही लिहा. बेरीज केलीत, पण ती छापली का? बहुधा नाही. ज्या उत्तराचा पुढे उपयोगच नाही, ते काढण्याचं काम कंपायलर 'डेड कोड' म्हणून सरळ उडवतो.

आता बेरीज छापा आणि तोच प्रोग्राम क्लँग या दुसऱ्या कंपायलरला 'ओ-टू'वर द्या. पुन्हा शून्य! क्लँग फेऱ्यांमधला नियम हेरतो आणि लूपच्या जागी शाळेतलं सूत्र बसवतो : न गुणिले (न अधिक १), भागिले २. १०० कोटी हा आकडा प्रोग्राममध्येच लिहिलेला, त्यामुळे तेही गणित कंपाइल होतानाच सुटतं आणि ५००००००००५०००००००० ही तयार संख्या उरते. (बेरजेचं व्हेरिएबल 'लाँग लाँग' या मोठ्या पूर्णांक प्रकाराचं हवं, 'इंट' या साध्या पूर्णांक प्रकारात ती मावत नाही.) विश्वास बसत नसेल तर कंपायलरला कॅपिटल एसचा पर्याय देऊन असेंब्ली (मशीनच्या सूचनांचा वाचता येणारा मजकूर) काढा. 'मेन'मध्ये मागे उडी मारणारी एकही ओळ नसेल, तर लूप गेला.

खरा वेळ मोजायचा तर १ कोटी 'इंट'चा अ‍ॅरे घ्या. हे झाले ४ कोटी बाइट, म्हणून मॅलॉकनेच (प्रोग्राम चालताना मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनने) घ्या. फंक्शनच्या आत साधा अ‍ॅरे केलात तर लिनक्सवरचा नेहमीचा ८ एमबीचा स्टॅक (फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलसाठीची मेमरी) फुटतो. त्यात रँडम आकडे भरा, घड्याळ फक्त बेरजेच्या लूपभोवती लावा, बेरीज छापा. पाचदा चालवून सर्वांत कमी वेळ धरा. 'व्होलटाइल लाव' (व्हेरिएबल दरवेळी मेमरीतूनच वाचायला-लिहायला लावणारा शब्द) असं मित्र सांगतील. लूप टिकेल खरा, पण मग प्रत्येक फेरी मेमरीत जाऊन येते आणि तुम्ही मोजता ती व्होलटाइलची किंमत.

प्रश्न : 'क्ष अधिक १०० हे क्षपेक्षा लहान झालं तर एरर दे' ही माझी ओव्हरफ्लोची (संख्या प्रकाराच्या मर्यादेबाहेर जाण्याची) तपासणी 'ओ-टू'वर गायब होते. कंपायलर बिघडलाय का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : कंपायलर ठीक आहे, तपासणी चुकली. चिन्हासहित 'इंट' २१४७४८३६४७ च्या पुढे गेला तर काय व्हावं, हे सीच्या मानकाने ठरवलेलंच नाही. म्हणून कंपायलर धरून चालतो की तसं होणारच नाही. मग ही अट कायम खोटी, सबब छाटली. बेरीज करण्याआधी तपासा : क्ष हा 'इंट-मॅक्स (इंटची कमाल किंमत) वजा १००' पेक्षा मोठा आहे का? बाकीच्या अशा जागा हुडकायला कंपायलरच्या 'एफ-सॅनिटाइझ' पर्यायाला 'अनडिफाइन्ड' ही किंमत द्या. प्रोग्राम चालताना ओव्हरफ्लो झालेली ओळ आकड्यासकट दिसते. 'एफ-रॅपव्ही' हा पर्याय (ओव्हरफ्लो झाल्यास संख्या दुसऱ्या टोकाला वळवणारा) लावूनही तुमची जुनी तपासणी वाचेल, मात्र ओव्हरफ्लो होणार नाही या गृहीतकावर उभ्या असलेल्या लूपच्या काही सुधारणांवर पाणी सोडावं लागेल.