फोनला वाय-फाय मिळतं, लॅपटॉपला का नाही?

प्रश्न : नुकताच राऊटर बदलला. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुद्दाम जुनाच ठेवला. फोन, टीव्ही लगेच जोडले गेले. आठ वर्षं जुना लॅपटॉप मात्र ‘कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क’ एवढंच सांगतो. विंडोज १० आहे. राऊटरच्या मागची बारीक भोकातली रिसेटची कळ दाबून पाहू का?

उत्तर : ती कळ अजिबात दाबू नका. त्याने नाव-पासवर्ड तर जाईलच, शिवाय इंटरनेट कंपनीने भरलेलं लॉगिनही पुसलं जाऊ शकतं. मग चालू असलेले फोनही बंद पडतील. फोन चालतात, म्हणजे राऊटर आणि बाहेरून येणारी लाइन ठीक आहे.

आधी फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडा. जोडला गेला, तर लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड शाबूत आहे. आता जुनी नोंद काढा : सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मॅनेज नोन नेटवर्क्स, तिथे तुमच्या नावावर ‘फर्गेट’. नाव तेच असलं तरी जुन्या राऊटरची नोंद नव्याच्या आड येऊ शकते. पासवर्ड पुन्हा टाकताना चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून ठेवा आणि अक्षरन् अक्षर वाचा. इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात.

तरीही नकार आला, तर माझा संशय सुरक्षेच्या प्रकारावर आहे. नवे राऊटर अनेकदा डब्ल्यूपीए३ वर लावलेले असतात. विंडोजला हा प्रकार २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून कळतो, पण कार्डाच्या ड्रायव्हरलाही (कार्ड चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरला) तो यावा लागतो आणि जुन्या कार्डांना तो बहुतेक येत नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाका (तो राऊटरच्या खालच्या लेबलवर छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१). वायरलेस सिक्युरिटीमध्ये ‘डब्ल्यूपीए२ पर्सनल, एईएस’ निवडा. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र हा पर्यायही तिथे असतो, पण काही जुने ड्रायव्हर त्यावरही अडखळतात. म्हणून आधी निव्वळ २ लावून पाहा. डब्ल्यूईपी (जुना, सहज फुटणारा प्रकार) किंवा ‘ओपन’ (पासवर्डच नसलेला) मात्र कधीही निवडू नका.

प्रश्न : लॅपटॉप जोडला जातो, पण खाली ‘नो इंटरनेट’ येतं. त्याच खोलीत फोनवर व्हिडिओ चालतो.

उत्तर : इथे अंदाज करत बसायची गरज नाही, लॅपटॉप स्वतःच सांगतो. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडा, ‘आयपीकॉन्फिग’ लिहून एंटर दाबा. वाय-फायच्या मथळ्याखाली ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ची ओळ शोधा.

तिथला आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. लॅपटॉपने पत्ता मागितला, कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला. त्या पत्त्याने राऊटरपर्यंतही पोचता येत नाही. अशा वेळी राऊटरमध्ये दोन गोष्टी तपासा. एक, पत्त्यांचा साठा संपलाय का. काही राऊटरवर तो मोजक्याच पत्त्यांचा ठेवलेला असतो आणि घरातले बल्ब, कॅमेरे, टीव्ही मिळून तो भरतो. दोन, मॅक फिल्टर, म्हणजे यादीतल्या हार्डवेअर पत्त्यांच्या उपकरणांनाच आत घेणारी सोय, सुरू आहे का. असेल, आणि लॅपटॉपवर हा हार्डवेअर पत्ता बदलत राहणारी ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ ही सोय चालू असेल, तर राऊटर त्याला परका समजतो. लॅपटॉपवरची ही सोय घरच्या नेटवर्कपुरती बंद करा.

पत्ता १६९.२५४ नाही, पण ‘डिफॉल्ट गेटवे’ (लॅपटॉप ज्यातून बाहेर जातो त्याचा पत्ता, इथे राऊटरचा) रिकामा किंवा राऊटरच्या पत्त्याशी न जुळणारा असेल, तर बहुधा कोणीतरी कधीतरी हाताने पत्ता भरून ठेवलाय. कार्यालयातून आलेल्या लॅपटॉपात हे सापडू शकतं. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘आयपी असाइनमेंट’ ऑटोमॅटिक करा.

दोन्ही ठीक असतील तर त्याच खिडकीत ‘पिंग ८.८.८.८’ द्या (हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता). उत्तरं आली आणि तरी संकेतस्थळं उघडत नसतील, तर अडचण नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसची आहे. हाताने भरलेला डीएनएस काढा, व्हीपीएन बंद करा. घड्याळही पाहा! तारीख मागे पडली असेल, तर संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं ब्राउझर नाकारतो.

शेवटचा उपाय विंडोजच्या सेटिंग्जमधला ‘नेटवर्क रिसेट’ (राऊटरच्या कळीचा नव्हे). त्याने जपलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएन जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवा.

प्रश्न : वाय-फायचं बटणच नाहीसं झालंय. विमानाचं चिन्हही बंद आहे.

उत्तर : म्हणजे विंडोजला कार्ड दिसत नाही. लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ने भागत नाही, कारण फास्ट स्टार्टअप सुरू असताना ड्रायव्हरची जुनी स्थिती तशीच जपली जाते. फरक पडला नाही तर बंद करून चार्जर काढा, पॉवरची कळ ३० सेकंद दाबून धरा, मग सुरू करा. अडकून पडलेलं कार्ड यानेच पुष्कळदा जागं होतं.

नाही झालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ उघडा. कार्डावर पिवळा त्रिकोण असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून रीस्टार्ट करा, मात्र ड्रायव्हर पुसायच्या चौकटीत खूण करू नका. नवा ड्रायव्हर उतरवायला नेट हवं. त्यासाठी अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. यादीत कार्डाचं नावच नसेल आणि लॅपटॉप नुकताच दुरुस्तीहून आला असेल, तर आतलं कार्ड खाचेत नीट बसलेलं नसावं.

प्रश्न : राऊटरची दोन नावं आहेत. ५जी लिहिलेलं लॅपटॉपवर दिसत नाही.

उत्तर : ते ५ गिगाहर्ट्झचं आहे, मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही. कार्ड फक्त २.४ चं असेल तर ते कधीच दिसणार नाही. कार्ड दोन्हींचं असेल तर राऊटरवर चॅनेल ३६ ते ४८ मधला निवडा. ५२ पासून पुढच्या काही चॅनेलांवर राऊटरला आधी किमान मिनिटभर रडार तपासावं लागतं, तेवढा वेळ नाव गायब असतं.