प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत मुलांना विज्ञानाची गोडी कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय, सातवी-आठवीची मुलं पाठ केलेली उत्तरं धडाधड सांगतात पण स्वतःहून एकही प्रश्न विचारत नाहीत, आणि शाळेत प्रयोगशाळाही नाही. मी हिंगोली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. सर, मला प्रयोगशाळेपेक्षा आपली घाई जास्त नडते असं वाटतं. पोरानं तोंड उघडलं की आपण लगेच उत्तर देतो, नाहीतर ‘हे परीक्षेला नाही’ म्हणतो.

ऑगस्टमध्ये वर्ग सोयाबीनच्या रानात न्या. रान कुणाचं ते विचारून, आणि नुकतीच फवारणी झालेली नाही हे बघून. झाड ओढू नका, खुरप्यानं मातीसकट काढा. खुरपं मुलींच्याही हातात द्या. नाहीतर पोरं उकरतात आणि मुली नुसत्या वहीत लिहीत बसतात. मुळांवर बारीक गाठी दिसतील. कुणीतरी म्हणेलच, “सर, ह्याला रोग पडला.” तेव्हा गप्प राहा. गाठ नखानं फोडायला सांगा. काही आतून गुलाबी निघतात, काही पांढऱ्या, काही हिरवट. “असं कामून?” हे मग त्यांच्याकडूनच येतं.

आता तपास त्यांच्यावर सोपवा. फुलातलं झाड आणि शेंगा भरलेलं झाड, युरिया टाकलेलं रान आणि न टाकलेलं, बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी धरणारे जिवाणू) लावून पेरलेलं आणि तसंच पेरलेलं. गाठी मोजू द्या, घरी विचारू द्या, अंदाज चुकू द्या. त्यानंतर सांगा: गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाच्या कामाचा करून देतात, आणि तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. जमिनीत आयता नायट्रोजन भरपूर असला की झाड गाठी कमी धरतं, हे तर बऱ्याचदा मुलांच्या आकड्यांतूनच निघतं.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला रामन परिणामावरची पाठांतराची भाषणं मी बंद केलीत. प्रत्येकानं स्वतः पाहिलेली एक गोष्ट आणि तिच्यावरचा एक प्रश्न आणायचा. आमच्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगोची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लाटा मोजणारी, वेधशाळा होणार आहे, त्यामुळे त्यावरचे प्रश्न फार येतात: चार किलोमीटरची भुजा कशाला, लाट दिसत नाही तर मोजतात कशी? सगळ्यांची उत्तरं मला येत नाहीत. तसं मी स्पष्ट सांगतो आणि त्यांच्यासोबत शोधायला बसतो.

घटक चाचणीत एक गुण चांगल्या प्रश्नाला ठेवून बघा. माझ्या वर्गात मागच्या बाकावरची मुलं त्यामुळेच बोलायला लागली.