ओपनएमपीच्या रनटाइममध्ये ट्रेसिंग कसे जोडावे? (नांदेडच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर)

ओपनएमपी (एक काम अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यांत, वाटण्याचे मानक) वापरून चार थ्रेड देऊनही त्रिकोणी मॅट्रिक्सचा आपला लूप जेमतेम सव्वादोन पट वेगाने चालतो, आणि वेळ कुठे जातो याची नोंद घेण्यासाठी (म्हणजेच ट्रेसिंगसाठी) एलएलव्हीएम या कंपायलर-संचाच्या रनटाइममध्ये (प्रोग्राम चालताना थ्रेड सांभाळणाऱ्या लायब्ररीत) स्वतः कोड घालावा का, असे आपण विचारले आहे. तशी गरज नाही. ओपनएमपी ५.० या २०१८ च्या मानकात अशा नोंदींसाठी ओएमपीटी नावाची सोय आली असून एलएलव्हीएमचा रनटाइम तिला आधार देतो.

रनटाइम सुरू होताना ‘ओएमपीटी स्टार्ट टूल’ नावाचे फंक्शन शोधतो. ते आपल्या लायब्ररीत सापडले, की समांतर भागाची सुरुवात, त्याचा शेवट आणि बॅरिअरवरची (सगळे थ्रेड येईपर्यंत थांबण्याच्या जागेवरची) प्रतीक्षा यांसाठी आपण कॉलबॅक (ती घटना घडताच रनटाइम बोलावतो ती आपली फंक्शन्स) नोंदवू शकता. कॉलबॅकमध्ये केवळ वेळ टिपून तो त्या थ्रेडच्या स्वतःच्या बफरमध्ये ठेवावा. तिथेच फाइलमध्ये लिहिण्याचा मोह टाळावा, नाहीतर मोजमापच कामाला जड होते (हा धडा मी स्वतः घेतला आहे).

ट्रेसमध्ये बहुधा असे दिसेल की स्थिर वाटपात (लूपच्या फेऱ्या आधीच सारख्या वाटल्या, की) पहिल्या थ्रेडकडे ७/१६ काम जाते आणि शेवटच्याकडे अवघे १/१६. कापूस वेचताना एकीची पात लांब निघाली, की बाकीच्या तिघी धुऱ्यावर बसून राहतात, तसेच हे आहे. वाटप ‘डायनॅमिक’ करून (जो थ्रेड मोकळा होईल त्याला फेऱ्यांचा पुढचा तुकडा) पुन्हा ट्रेस घ्यावा. मात्र तुकडे फार लहान ठेवू नयेत.