टोमॅटोच्या मुळांवर गाठी आल्यात, सुडोमोनास सोडलं तर निमॅटोड जातील का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की पीक उभं आहे, दुपारी झाडं माना टाकतात, मुळं गाठींनी भरलीत आणि दुकानदार म्हणतो ड्रीपमधून सुडोमोनास, म्हणजे मुळांवर राहणारा उपयोगी जीवाणू, सोडा. सोडायला हरकत नाही, पण आलेल्या गाठी त्याने जाणार नाहीत. निमॅटोड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बारीक सूत्रकृमी, एकदा मुळाच्या आत जाऊन बसला की बाहेरच्या जीवाणूचा त्याच्यावर फारसा जोर चालत नाही. खरं काम लागणीच्या आधी आणि नंतरचा पहिला महिना, एवढ्यातच होतं.

मी जुन्नरकडे टोमॅटो करतो, आमच्या भागात हा त्रास नवा नाही. एक झाड उपटू नका, कुदळीने खणून काढा, मुळं बादलीत हलक्या हाताने धुवा आणि मोठी गाठ ब्लेडने चिरून बघा. आत खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा चकचकीत ठिपका दिसला तर ती मादी. ती एकटी तीनचारशे अंडी घालते आणि जमीन गरम असली की महिनाभरात पुढची पिढी तयार. शेजारी चवळी-घेवडा असेल तर तिथल्या गाठी बघून घाबरू नका, रायझोबियमची (पिकाला नत्र देणाऱ्या उपयोगी जीवाणूची) गाठ कडेला चिकटलेली असते, नखाने सुटते, निमॅटोडची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं.

अंड्यातून निघालेलं पिल्लू कोवळ्या मुळाचं टोक शोधत येतं. सुडोमोनास फ्लुरोसन्स किंवा बॅसिलस सबटिलिस (असाच दुसरा उपयोगी जीवाणू) त्याच्या आधी मुळावर वस्ती करून बसले तर त्यांच्या स्रावाने काही पिल्लं मरतात, काहींना मूळ नीट सापडत नाही आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते. म्हणून सुरुवात बियाण्यापासून, किलोला १० ग्रॅम चोळायचं. रोपं विकत घेत असाल तर नर्सरीवाल्याला कोकोपीटमध्ये मिसळायला सांगा आणि घेताना दोनचार रोपांची मुळं बघाच, कारण बऱ्याचदा निमॅटोड रोपाबरोबरच शेतात येतो.

मग शेणखत. चांगलं कुजलेलं, टनाला २ किलो सुडोमोनास आणि तेवढंच ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी), सावलीत ढीग करून ओलसर ठेवायचं, वर गोणपाट, मधे एकदोनदा वरखाली करायचं आणि पंधरा दिवसांनी निंबोळी पेंडीबरोबर बेडमध्ये भरायचं. नुसती पावडर कोरड्या मातीत टाकून काही होत नाही, जीवाणूला खायला आणि ओल लागते हो. लागणीनंतर पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोनतीन वेळा ड्रीपमधून, तेही संध्याकाळी.

सगळ्यात जास्त पैसे कुठे वाया जातात सांगू का, जुन्या पुड्यात. सुडोमोनासला बीजाणू (वाईट काळात तग धरणारं टणक रूप) नसतात, उन्हात तापलेल्या दुकानात तो लवकर मरतो, बॅसिलस बीजाणू करतो म्हणून जास्त टिकतो. तारीख आणि सीएफयू (पुड्यातल्या जिवंत जीवाणूंची संख्या) बघूनच घ्या. आणि कॉपर ऑक्सीक्लोराईड हे बुरशीनाशक किंवा स्ट्रेप्टोसायक्लिन हे जीवाणू मारणारं औषध, यांच्या आळवणीबरोबर तर अजिबात नको, एका हाताने सोडायचं आणि दुसऱ्या हाताने मारायचं असं होतं ते.

आता या प्लॉटचं बोलायचं तर पाणी ताण न देता थोडं थोडं द्या, पांढरी मुळी फुटेल असं बघा, तोडे निघतील तेवढे काढा. फळधारणा व्हायची असेल आणि हिशोब बसत असेल तर फ्लुओपायरम या निमॅटोडवरच्या रासायनिक औषधाचा विचार करा, लेबलवरचा डोस आणि काढणीआधीचे दिवस पाळून. फोरेट हे कीटकनाशक कुणी जुनं काढून दिलं तर घेऊ नका, त्यावर बंदी आहे. पीक संपल्यावर मुळं शेतात रोटाव्हेटरने फिरवू नका, गोळा करून जाळा, एप्रिल-मेमध्ये जमीन भिजवून पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे अंथरा आणि पुढे वांगी, भेंडी, काकडी टाळून झेंडू घ्या. रोटाव्हेटर भाड्याचा असेल तर शेतात घालायच्या आधी पाती धुवून घ्या, माती तिथूनही येते.