वस्तीजवळच्या कारखान्याचं पाणी बोअरमध्ये उतरतंय. रहिवाशांची समिती कशी नोंदवावी?

नोंदणी थांबेल हो. आधी पाण्याचा नमुना घ्या, तोही पावसाळा लागायच्या आत. एकदा नाला भरून वाहायला लागला की सगळंच पातळ होतं.

आम्ही नागपुरात हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला राहतो. नाल्याकाठच्या आमच्या ओळीत बोअरचं पाणी पिवळं यायला लागलं, भात शिजवला तरी वास जाईना. समिती होतीच, पण ती गणपती, बगिचा अन् पथदिव्यांपुरती. बैठकीत विषय काढला तर खजिनदार काकाजींनी खिशातून टीडीएस मीटर काढलं. "माझं पाणी ३८० दाखवून राहिलं. तुमच्याच बोअरमध्ये काही भानगड असन." पिण्याच्या पाण्याच्या मानकात ५०० पर्यंत चालतं, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या अन् विषय संपला.

ते मीटर पाण्यात एकूण किती विरघळलंय याचा अंदाज देतं, काय विरघळलंय ते सांगत नाही. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, शिशाची ०.०१. एवढ्यानं मीटरचा आकडा हलतही नाही. उकळूनही धातू जात नाहीत. काकाजींचं पाणी चांगलं होतं हे मात्र खरं. नागपूरच्या पश्चिमेला खाली बेसॉल्ट म्हणजे काळा खडक आहे, त्यात पाणी भेगांमधून पळतं. माझ्या बोअरला लागलेली भेग नाल्याकडची असेल आणि चार घरं सोडून त्यांची दुसरीच. हे मी त्यांना किती वेळा समजावलं! माणसाला स्वतःच्या नळापलीकडे दिसतच नाही.

मग एका कारखान्यानं बगिच्यात बाक दिले आणि आरओचं मशीन बसवून दिलं. समितीनं हारतुरे घालून स्वीकारलं. आरओनं प्यायचं पाणी सुधारतं, कबूल. पण त्यातून फेकलेलं पाणी परत नाल्यातच जातं. अंघोळ, भांडी आणि परसातली मेथी बोअरवरच. मी हे बोललो तर "भाऊ, तुम्ही विकासाच्या आड येऊन राहिले" असं ऐकवलं.

शेवटी आमच्या ओळीतल्या बायकांनी वर्गणी काढली. नमुने नाल्यात कारखान्याच्या पाइपाच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, दोन्हीकडे घेतले. हे विसरू नका, कारण "हे तुमच्याच वस्तीचं सांडपाणी आहे" हे पहिलं उत्तर ठरलेलं असतं. वर क्रोमियम नव्हतं, खाली होतं. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेचीच घ्या आणि धातूंसाठीची बाटली त्यांच्याकडूनच आणा, तिच्यात आम्ल घालावं लागतं. हा अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडच्या तक्रारीला जोडा. तो मंडळाच्या अधिकाऱ्यांना नाल्यावर आणण्यापुरता. १९७४ च्या जल कायद्याखालच्या खटल्यात पुरावा म्हणून त्यांचाच नमुना चालतो, कलम २१ प्रमाणे घेतलेला. आमच्याकडचा पाइप त्यानंतर बंद झाला. बोअर अजून पिवळीच आहे, खडकातून ते लवकर निघत नाही.

दरवेळी कारखानाच दोषी असतो असं नाही. नुसत्या लोहानंही पाणी पिवळं होतं, म्हणून तर तपासणी. आणि पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या हरित लवादाकडे (आपल्याला पुण्याचं खंडपीठ) जायचं असेल तर लवादाच्या कायद्याच्या कलम १४ खाली वादाचं कारण घडल्यापासून ६ महिन्यांची मुदत आहे, नुकसानभरपाईसाठी ५ वर्षं. समितीच्या बैठकांमध्ये ही मुदत आरामात निघून जाते.

नोंदणीचं म्हणाल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान ७ सभासद लागतात, काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. खजिनदार तेवढा नाल्याकाठचा घ्या.