चार बटणं आणि एक ओळखीचा चेहरा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २९ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन डोंबिवलीहून कासारवडवलीला आले. जानेवारीत महापालिकेच्या मतदानाला गेले, तेव्हा बटण चारदा दाबायचं असतं हे मला आत गेल्यावर कळलं. चौघांतला एकच उमेदवार चेहऱ्याने माहीत होता, कारण गणपतीत आमच्या सोसायटीत आरतीला आला होता. बाकी तीन बटणं चिन्ह बघून दाबली. शेवटच्या जागेवर कोण होतं, ते आज आठवतही नाही. घरी सांगितलं तर सासरे म्हणाले, ‘पॅनेल बघायचं आणि मारायचं, एवढा विचार कशाला?’ नवरा म्हणतो, नगरसेवक काही करत नाहीत, सगळं आयुक्तच चालवतात. मला मात्र तेव्हापासून चुकल्यासारखं वाटतंय. पुढच्या वेळेपर्यंत काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अगं, तू एकटी नाहीस. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी काही चुकली नाही. २०१७ साली ठाण्यात यंत्रापाशी बसले होते. एक काका आत गेले, एक बटण दाबलं आणि चालायला लागले. चारही मतं पडल्याशिवाय बझर वाजत नाही. मी हाक मारली, ‘काका, अजून तीन राहिलीत.’ तर म्हणतात, ‘माझ्या माणसाला दिलंय मी. बाकीची तुम्हीच द्या!’ परत पाठवलं, तर लिफ्टची बटणं दाबावीत तशी तीन बटणं दाबून आले. दिवसभरात असे किती गेले ते मी मोजलं नाही. तुला निदान चुकल्यासारखं तरी वाटलं.

आधी हे चारचं प्रकरण. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक, असे २२७. ठाण्यात ३३ प्रभाग आणि १३१ जागा, म्हणजे बत्तीस प्रभागांत चार-चार आणि एकात तीन. नवी मुंबईतही असंच, १११ जागा. मला स्वतःला ही पद्धत आवडत नाही. गटार तुंबलं की ‘अ’वाला ‘ब’कडे बोट दाखवतो आणि ‘ब’वाला ‘क’कडे. चौघांची म्हैस उपाशी मरते, तसं. पण आहे ती पद्धत नीट समजून तर घेऊ. अ, ब, क, ड या चार वेगवेगळ्या लढती आहेत. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी, आरक्षण वेगळं, उमेदवार वेगळे. पक्ष चौघांचे फोटो एकाच फलकावर छापतात ते तुझ्या सासऱ्यांसारख्यांच्या सोयीसाठी. कायद्यात ‘पॅनेल’ नावाचं काही नाही. अ जागेला एका पक्षाचा, ब ला दुसऱ्याचा, क ला अपक्ष, असं देता येतं. एखाद्या जागेवर कुणीच पटलं नाही तर तिथे ‘नोटा’ आहे, आणि तो प्रत्येक जागेला स्वतंत्र आहे. माहीत नसलेल्या माणसाला मत देण्यापेक्षा तिथे नोटा दाबलेला मला जास्त प्रामाणिक वाटतो. हे माझं मत हं, घरी भांडण लावू नकोस.

नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. १९४९च्या महापालिका अधिनियमाने कारभाराचे हात आयुक्तांना दिले आहेत. पण पैसे कशावर खर्च करायचे याला मंजुरी महासभेची, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेची, आणि मोठे ठेके सोळा जणांच्या स्थायी समितीपुढे येतात. त्याला विचार, मार्च २०२२ ते जानेवारी २०२६पर्यंत ठाण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात तुमच्या गल्लीतला दिवा बंद पडला तर तो कुणाकडे गेला? नवी मुंबईत तर हा प्रकार २०२० पासून होता. नगरसेवक निरुपयोगी असतात की नाही, याचा प्रयोग आपल्यावर होऊन गेलाय. आमच्या इमारतीत त्या वर्षांत सगळ्यांनी सगळ्यांना अर्ज लिहिले आणि अर्जांच्या प्रती जपून ठेवल्या. दुसरं काही हाती आलं नाही.

आता खरं काम. उमेदवार काय बोलतो ते ऐकण्याआधी, तो बोलतोय ते त्याच्या हातात आहे का हे तुला माहीत हवं. तू कासारवडवलीची आहेस म्हणून सोपं उदाहरण देते. वडाळा-कासारवडवली मेट्रो आणि ठाणे-बोरिवली बोगदा ही एमएमआरडीएची, म्हणजे राज्य सरकारच्या मुंबई महानगर प्राधिकरणाची कामं. वीज महावितरणची. यांतलं काही ‘मी आणलं’ असं नगरसेवकपदाचा उमेदवार सांगायला लागला की हसून चहा पाजावा, पण मत देताना ते धरू नये. कचरा, गल्लीतला रस्ता, नाला, महापालिकेचा दवाखाना, प्राथमिक शाळा, मालमत्ता कर, नळाचं पाणी, हे मात्र त्याचं.

पाण्यापाशीच जरा थांब. ठाणे महापालिकेचं स्वतःचं धरण नाही. भातसा नदीवरची स्वतःची योजना, स्टेम ही पाणी पुरवणारी कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका, असं चार ठिकाणांहून पाणी येतं. खाडीपलीकडे नवी मुंबईने मोरबे धरण घेतलं, म्हणून तिकडची माणसं आपल्याला पाण्यावरून टोमणे मारतात. (माझी बहीण ऐरोलीला असते. मला विचारू नकोस.) तेव्हा पुढच्या वेळी ‘पाणी देणार का?’ असं कुणाला विचारू नकोस. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. विचार, ‘आमच्या सोसायटीला पाणी कुठल्या योजनेतून येतं? टँकर बंद व्हायला नेमकी कुठली टाकी किंवा वाहिनी हवी, आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात पैसे धरलेत का?’ हाच प्रश्न प्रत्येक जागेच्या प्रत्येकाला, शब्द न बदलता. ज्याला येत नाही आणि तो तसं कबूल करून दोन दिवसांनी उत्तर घेऊन येतो, त्याचं पारडं माझ्या लेखी जड.

प्रतिज्ञापत्रं वाच. अर्जासोबत उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण लिहून द्यावं लागतं. गुन्ह्यांचा नुसता आकडा बघून घाबरू नकोस. पाण्यासाठी मोर्चा काढल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा कागदावर एकेकच मोजला जातो, कलमं वाचली की फरक कळतो. मी ‘व्यवसाय’ आणि ‘मालमत्ता’ हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचते. व्यवसाय समाजसेवा, आणि खाली जमिनींची यादी पानभर, असं दिसलं की चष्मा पुसून परत वाचते.

मतदार यादीचं थोडक्यात. पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच वापरतो, प्रभागांप्रमाणे फोडून. या वेळी १ जुलै २०२५ची यादी धरली होती. आधी निघणाऱ्या प्रारूप (कच्च्या) यादीवर हरकत घेऊन चुकीचा प्रभाग दुरुस्त होतो, नवं नाव मात्र तिथे घालता येत नाही. माझी भाची घोडबंदरला राहायला जाऊन तीन वर्षं झाली, नाव अजून कळव्यातच, कारण पत्ता बदलण्याचा आठ नंबरचा फॉर्म ‘उद्या भरू’ म्हणून राहिला. तुझं नाव इथे आलंय ते तू वेळेवर हललीस म्हणून.

आणि पुढच्या वेळेची वाट कशाला बघायची? निवडून आलेले चौघे आत्ताच बसलेत. महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज दे, दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आतापर्यंत चौघांची महासभेतली हजेरी किती, तुमच्या प्रभागाबद्दल कुणी काय विचारलं, एवढंच माग. तुझ्या त्या चौथ्या, न आठवणाऱ्या जागेवरून कोण निवडून आलं तेही त्यात कळेल.

उत्तर आलं की मला लिही. पत्रात चौघांची नावं आधी न बघता लिहायची. आणि सासऱ्यांनाही कागद दे, बघू त्यांना किती येतात.