बातम्या, व्हिडिओ बघताना आपलंच मन आपल्याला फसवतंय हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त फसवतं ते ओळखीचं वाटणं. एकच मजकूर तीन ग्रुपवर दिसला की खरा वाटायला लागतो, मूळ एकच असलं तरी. हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं: विधान खोटं असलं तरी पुन्हापुन्हा कानावर पडलं की जास्त खरं वाटतं.

२०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा पसरली, सोबत मोटारसायकलवरून मूल उचलतानाचा व्हिडिओ. तो मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूल परत आणून देतात तो भाग कापलेला! १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेपायी जमावाने डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या ५ जणांना ठार मारलं. अनोळखी माणसाबद्दलचा संशय आधीपासून असतोच, अफवा त्याला फक्त पुरावा पुरवते.

राजकीय बातमीत माझी कसोटी सोपी आहे: हेच दुसऱ्या पक्षाबद्दल असतं, तर मी पुरावा मागितला असता का? (उत्तर बहुतेक वेळा अडचणीचं येतं.) व्हिडिओ बघून डोकं तापलं, तर फॉरवर्ड करण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट गूगल लेन्सवर (चित्रावरून शोध घेणारं गूगलचं साधन) टाका. जुना किंवा भलतीकडचा असेल तर बऱ्याचदा तिथेच कळतं.